एकशे वीसपर्यंत

विद्यापीठाचं वर्ष सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रसायनशास्त्र विभागात नव्या मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं स्वागत व्हायचं. सतरा वर्षं ते एकाच पद्धतीने चालत आलं होतं. प्राध्यापकबाई टेबलामागे उभ्या राहायच्या, दोन भांड्यांतली पाण्यासारखी स्वच्छ द्रावणं एका मोठ्या बीकरमध्ये ओतायच्या आणि बोलायला लागायच्या. बरोबर चाळीस सेकंद. शेवटचा शब्द, "स्वागत!", तोंडातून पडला रे पडला की बीकरमधलं पाणी एका क्षणात शाईसारखं निळं व्हायचं. दोनशे माणसं "आं!" करायची. एखादे आजोबा इतका मोठा आ वासायचे की त्यांची कवळी दिसायची.

टाळ्या बाईंना मिळायच्या. चाळीस सेकंद मात्र थेंबकाकू बसवायच्या.

थेंबकाकू म्हणजे विभागाच्या प्रयोगशाळा सहायक. मुलांनी ठेवलेलं नाव पुढे शिक्षकांच्याही तोंडात बसलं, कारण एका थेंबाचा हिशेब चुकला तरी काकू अख्खं द्रावण मोरीत ओतून पुन्हा करायला लावत. स्वागताच्या दिवशी त्या सकाळी सातला येत, पाण्याचं तापमान बघत आणि त्याप्रमाणे थायोचं माप ठरवत. थायो म्हणजे या खेळातला पहारेकरी. निळा रंग यायला धडपडत असतो आणि थायो त्याला अडवत असतो. थायो संपला की रंग घुसलाच. जितका थायो जास्त, तितका उशीर. एका पिपेटला, म्हणजे मापाच्या एका काचनळीभर थायोला, साधारण चाळीस सेकंद. हवा गरम असली की प्रकार लवकर उरकतो, मग वर चार-सहा थेंब जास्त. सतरा वर्षांत काकूंचा एक सेकंद इकडचा तिकडे झाला नव्हता. बाईंना त्यातलं एवढंच माहीत होतं की डावीकडचं भांडं आधी ओतायचं.

गंमत अशी की दोघी एकेकाळी एकाच बाकावर बसत. बाईंचे हात तेव्हापासूनच धांदरट. प्रयोगवहीतली त्यांची निम्मी मापं काकूंच्या वहीतून उतरवलेली असत. शेवटच्या परीक्षेत काकूंना चार गुण जास्त होते. मग काकूंना इथली नोकरी मिळाली. "वर्षभर करते, मग पुढचं शिक्षण," असं त्या म्हणाल्या होत्या. वर्ष सरलं, लग्न झालं, मुलगी झाली, आणि पुढचं शिक्षण पुढेच राहिलं. बाई शिकायला बाहेर गेल्या आणि परतल्या त्या प्राध्यापक होऊन.

याबद्दल काकूंनी कधी चकार शब्द काढला नाही. चारचौघांत त्या बाईंना "मॅडम" म्हणत, एकटं असताना "तू". बाई नवी पर्स घेऊन आल्या की "छान आहे" म्हणत. मनात मात्र म्हणत, राबायचं एकीने आणि मिरवायचं दुसरीने.

या वर्षी नव्या मुलांत टिटवीही होती. टिटवी म्हणजे काकूंची मुलगी. पाळण्यात असल्यापासून तोंडाची टकळी चालू, म्हणून हे नाव.

विभागाचा एक जुना रिवाज होता. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने आठवडाभर आधी एक कार्ड पाठवायचं. त्यावर एकच प्रश्न, "तुम्ही इथे का आलात?" स्वागताच्या सकाळी ही कार्डं दालनाबाहेरच्या फळ्यावर टाचण्यांनी लावायचं काम काकूंचं. त्या एकेक वाचत लावत होत्या. "वडील म्हणाले म्हणून." "गणितात कमी पडले म्हणून." "इथलं मैदान मोठं आहे." आणि मग ओळखीचं, उजवीकडे कललेलं अक्षर आलं.

"मी सात वर्षांची असताना स्वागताच्या दिवशी इथे आले होते. बाईंनी पाण्याचा रंग बदलला. तेव्हाच ठरवलं की त्यांच्यासारखं व्हायचं."

काकूंनी कार्ड दोनदा वाचलं. बाईंनी बदलला? ज्या पोरीने घरी ओट्यावर चढून, हातात घड्याळ धरून, "आई, आता! आता झालं!" म्हणत आपल्याबरोबर तालमी केल्या, तिने हे लिहावं? आणि गेले दोन महिने जेवताना तिचं काय चाललं होतं? बाई असं म्हणाल्या, बाईंनी तसं सांगितलं, बाईंचा लेख छापून आला. परवा तर तिने केसही बाईंसारखे मानेपर्यंत कापून आणले होते. "कशी दिसते?" तिने विचारलं. काकू म्हणाल्या, "कान थंड पडतील."

त्यांनी कार्ड फळ्यावर लावलं. टाचणी इतकी जोरात दाबली की अंगठ्याला खळगा पडला.

प्रयोगशाळेत येऊन त्यांनी तापमान पाहिलं. सव्वीस. एक पिपेट आणि वर चार थेंब, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी एक पिपेट सोडली. चार थेंब सोडले. मग पिपेट पुन्हा भरली. तिसरीही भरली. थेंबांचा हिशेबही त्या प्रमाणात पूर्ण केला. एकशे वीस सेकंद. चाळीसाव्या सेकंदाला बाईंचा शब्द पडेल आणि पाणी पाणीच राहील. एकदा, फक्त एकदा, बाईंनी दोनशे माणसांसमोर तसं उभं राहावं. टिटवीनेही बघावं, बाईंच्या जादूत बाईंचं किती असतं ते.

दहाच्या सुमाराला दालन भरलं. काकू नेहमीसारख्या सगळ्यात मागे, दिव्यांच्या बटणांपाशी. शेजारच्या खुर्चीवरची एक आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्ही इथल्याच का हो?"

"हो."

"मॅडम किती गोड बोलतात ना! मघाशी दारात आम्हाला म्हणाल्या, तुमची मुलगी ती आमची मुलगी. मला तर बाई भरूनच आलं. तुम्हाला रोज ऐकायला मिळतं, नशीबवान आहात."

"ऐकून ऐकून कान तृप्त झालेत," काकू म्हणाल्या.

बाई टेबलामागे आल्या. पण द्रावणांना हात न लावता त्या हसून म्हणाल्या, "दर वर्षी मी हे करते. या वर्षी नाही करणार. या विभागात लहानाची मोठी झालेली एक मुलगी आज विद्यार्थिनी म्हणून इथे बसली आहे. स्वागत तीच करेल, बोलेलही तीच. माझं भाषण तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ये गं टिटवे!"

काकू बटणांपासून दोन पावलं पुढे आल्या.

टिटवी उठली. कापलेले केस कानामागे सारत पुढे गेली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्या घाईतही तो हात काकूंच्या डोळ्यांत खुपला. मुलीने आधी डावं भांडं ओतलं, मग उजवं. एक थेंब सांडला नाही. हात आईचे होते. ती बोलायला लागली, खणखणीत, न अडखळता. काकू भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत राहिल्या. तीस. पस्तीस.

"...आणि म्हणून, तुम्हा सगळ्यांचं," टिटवीने बीकरकडे हात केला, "स्वागत!"

पाणी पाणीच राहिलं.

ती हात तसाच धरून उभी होती. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "वीज गेली वाटतं," आणि आसपासचे फस्सकन हसले. टिटवीचे कान लाल झाले. केस कापल्यामुळे ते लपवायला काही नव्हतं. बाईंनी बीकरकडे पाहिलं, मग मागे, थेट काकूंकडे. त्या नजरेत राग नव्हता. जिन्याची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे डोळे झाले होते.

सेहेचाळीस. अजून चौऱ्याहत्तर सेकंद. एवढ्या वेळात माणूस उभ्या उभ्या मरू शकतो.

"हातात घे!" काकू ओरडल्या. सगळं दालन मागे वळलं. "बीकर दोन्ही तळव्यांत धर. घट्ट. आणि मोज. मोठ्याने. एक्कावन्नपासून सुरू कर."

टिटवीने बीकर उचलला. "कितीपर्यंत?"

"एकशे वीस."

"एक्कावन्न," टिटवी म्हणाली. आवाज फाटला होता. "बावन्न. त्रेपन्न..."

"अहो, मोजा ना सगळे!" बाईंनी टाळी वाजवली. "आमच्या काकूंनी सांगितलंय म्हणजे मोजायलाच हवं."

साठपर्यंत सगळं दालन मोजायला लागलं. एकोणऐंशीला अर्धी सभा अडखळली, अर्धी एकोणनव्वदवर गेली, तेव्हा हशा पिकला. पण तो वेगळा हशा होता, त्यात टिटवीही होती. शंभरनंतर कुणी हसत नव्हतं. मघाचे वीज गेलेले गृहस्थ उभे राहिले होते. एकशे अठरा. एकशे एकोणीस. एकशे वी...

टिटवीच्या ओंजळीत पाणी निळं झालं.

सतरा वर्षांत असा कल्लोळ झाला नव्हता. पिशवीवाली आई रडतच होती. आणि बाई! बाईंनी एक श्वासही वाया घालवला नाही. "पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "काही रंग हातांच्या उबेनेच येतात. तुम्ही यांना इतकी वर्षं ओंजळीत धरलंत. आता थोडं आम्ही धरू." पुन्हा टाळ्या.

खोटं, काकू मनात म्हणाल्या. तेवढ्या पाण्याला तळव्यांनी एवढ्या वेळात अर्धा अंशही ऊब मिळत नाही. पोरीच्या हातांना काहीतरी करायला मिळावं, म्हणून सांगितलं होतं. पण वाक्य चांगलं होतं. आयत्या वेळी असं वाक्य आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं, आणि हे कळून त्यांना मघापेक्षाही जास्त झोंबलं.

कार्यक्रम संपल्यावर काकू प्रयोगशाळेत भांडी धूत होत्या. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एकशे वीस?"

काकूंनी नळ बंद केला नाही. "अंदाज होता."

"तू आणि अंदाज!" बाई म्हणाल्या. आणखी काही बोलणार होत्या, पण बाहेरून कुणा पालकांनी हाक मारली आणि त्या गेल्या.

मग टिटवी आली. तिने फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसायला लागली. ती इतका वेळ गप्प राहिल्याचं काकूंना आठवत नव्हतं.

"किती घातलास?" तिने शेवटी विचारलं.

"काय?"

"आई, थायो. किती घातलास?"

वाफ होती, बाटली जुनी होती, आकडा वाचताना चूक झाली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ज्याची चूक होते त्याला एकशे वीस हा आकडा आधीपासून माहीत नसतो. हे ओळखायला काकूंनीच तिला शिकवलं होतं.

"तीन पिपेट."

"मुद्दाम?"

"हो. पण तू ओतणार आहेस हे मला माहीत नव्हतं."

"म्हणजे त्यांच्यासाठी होतं." टिटवीने भांडं खाली ठेवलं. "का? त्यांनी काय केलंय तुझं?"

"काही नाही केलं. तुझं कार्ड वाचलं मी."

टिटवीचा आवाज चढला. "अगं, कार्डावर काय लिहू मग? माझी आई इथेच काम करते, तीच सगळं करते? फळ्यावर लागतं ते! पहिल्या दिवसापासून वशिल्याचं तट्टू म्हणाले असते मला. मला काय माहीत नाही का, निळं कोण करतं ते?"

काकूंनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

"आणि हे बघ," टिटवी म्हणाली, "मला त्या आवडतात. ते खोटं नाही लिहिलेलं. तू सहा पिपेट घातल्यास तरी आवडणार."

"कळलं."

"केसही मला आवडलेत."

"कळलं म्हटलं ना."

आतलं दुखणं काही गेलं नव्हतं. फक्त आता त्याचं ठिकाण नेमकं कळलं होतं, दात ठणकावा आणि कोणता ते सापडावं तसं.

काकूंनी कपाटातून वही काढली. प्रत्येक प्रयोगाची त्यात नोंद असे. दिवस, तापमान, माप, वेळ, आणि शेवटी दोन सह्या, करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. पाहणाऱ्याच्या जागी बाईंची सही असायची. बाई वर्षातून एकदा, न वाचता, सगळ्या पानांवर एकदम सह्या ठोकत. काकूंनी लिहिलं: तापमान सव्वीस. थायो तीन पिपेट, बारा थेंब. वेळ एकशे वीस सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात सतरा वर्षं त्यांनी "ठीक" एवढंच लिहिलं होतं. तिथे त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, "माप जाणून वाढवले. कारण, करणाऱ्याचा मत्सर." आणि सही केली.

"जा," त्या म्हणाल्या, "बाईंची सही घेऊन ये. आणि म्हणावं, वाचून करा."

टिटवीने वाचलं. "आई, हे असंच देऊ?"

"वहीत खोडाखोड चालत नाही."

टिटवी वही छातीशी धरून गेली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला बाईंचं पालकांशी हसणं ऐकू येत होतं. काकू खिडकीपाशी उभ्या राहून मनात मोजायला लागल्या. वीसला हसणं थांबलं. चाळीस झाले. काही नाही. पन्नास. साठ.

सत्तरला पावलं वाजली. दोघींची होती, इकडेच येत होती. त्यातली कोण पुढे आहे आणि टिटवी कुणाच्या बाजूने चालते आहे, हे काकू कान देऊन ओळखायला बघत होत्या. मग त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्यांनी मोजणं थांबवून दार उघडलं.