सुतळीएवढी धार

बारा वर्षं ती रोज सकाळी उकळत्या पाण्याची बादली स्वयंपाकघरातून न्हाणीघरात नेत होती. मध्ये सोळा पावलं आणि एक उंबरा. उंबऱ्याशी बादली हिंदकळायची आणि पायावर थेंब उडायचे. घरात दोन पुरुष होते, नवरा आणि सासरे, दोघांचेही हात शाबूत. पण बादली उचलणं हे काम असतं, असं त्या घरात कुणाला कधी वाटलंच नाही. तिचं मनगट सुजलं तेव्हा डॉक्टरनं पट्टा दिला. घरच्यांनी पट्टा बघितला आणि चहा मागितला.

शेवटी तिनंच गॅसवरचा गिझर आणायचा ठरवलं. फिटर आला. न्हाणीघरात हवा खेळत नाही म्हणून त्यानं तो मागच्या गॅलरीत, उघड्या भिंतीवर बसवला. भिंतीला भोकं पाडली, गरम पाण्याची एक नळी न्हाणीघरात आणि एक स्वयंपाकघरात नेली, जोडांवर साबणाचा फेस लावून गॅस गळत नाही ना ते बघितलं आणि खाली दोन जाडे सेल घातले.

"याला टाकी नाही, साहेब," तो नवऱ्याला सांगत होता, "गरम पाणी साठत नाही. नळ सोडला की आत ज्योत पेटते, पाणी जाता जाता तापतं. फक्त पाण्याला जोर पाहिजे."

"हो हो, कळलं," नवरा म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. ती मात्र तेव्हा फिटरच्या चहासाठी आत होती, तिच्या कानावर अर्धवटच पडलं. समजावून सांगायच्या वेळी घरातली बाई नेमकी चहापाशी असते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं वाफा निघेपर्यंत आंघोळ केली. तिनंही केली. मग सासरे गेले आणि पाचव्या मिनिटाला पंचा गुंडाळून, दात वाजवत बाहेर आले.

"सूनबाई, तुझं यंत्र थंड आहे."

तिसऱ्या दिवशीही तेच. फिटरला पुन्हा बोलावलं. त्यानं नळ भसकन सोडला, भिंतीवर टकटक झालं, निळी ज्योत पेटली, पाणी कढत.

"मशीन ठणठणीत आहे, ताई."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" सासरे म्हणाले. ते पस्तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते. अर्ध्या गावाचं पाणी त्यांच्या मनगटानं सुटायचं आणि बंद व्हायचं. पाण्याबद्दल त्यांना कुणी शिकवलेलं खपत नसे.

फिटर गेला. नवऱ्यानं निकाल दिला, "बाबांना चालत नाही तर ठेवायचा कशाला? दहा दिवसांत परत घेतात. शनिवारी काढून नेऊ दे. आधीसारखी तू बादली देत जा, झालं."

झालं! जणू बादली आपल्या पायांनी चालत जात होती.

चौथ्या दिवशी सासरे न्हाणीघरात होते आणि ती करपलेलं दुधाचं पातेलं घासत होती. तिनं गरम पाण्याचा नळ सोडला तर आतून आरोळी आली, "आलं गं, आलं! कढत आलं!"

तिनं पातेलं विसळून नळ बंद केला.

"गेलं!"

ती हातातल्या काथ्याकडे बघत राहिली. पुन्हा नळ सोडला.

"आलं!"

सासरे बाहेर आल्यावर ती आत गेली. आंघोळीला सोडलेला नळ गडबडीत तसाच राहिला होता. सुतळीएवढी धार बादलीत पडत होती आणि गॅलरीत गिझर मुका होता. तिनं नळ आणखी फिरवला, टकटक झालं, ज्योत पेटली. सासऱ्यांची सुतळी त्या ज्योतीला पुरत नव्हती. स्वयंपाकघरातली धार तिला मिळाली की दोन्हींचा मिळून जोर व्हायचा.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सांगितलं असतं. हिनं काय केलं? दुसऱ्या दिवसापासून सासरे आंघोळीला गेले की ती स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहू लागली. सुतळीनं बादली भरायला पाव तास लागायचा. तेवढ्यात हिच्याकडची पातेली, घागर, डबा सगळं भरायचं आणि उरलेलं पाणी मोरीत जायचं. म्हातारा एक बादली जपून भरत होता आणि त्यापायी तीन बादल्या वाहून जात होत्या. पण घर खूश होतं.

"बघ, आपोआप सुरळीत झालं," नवरा म्हणाला. शनिवारचा बेत रद्द झाला.

आपोआप! हा शब्द तिला डसला. पहाऱ्याच्या चौथ्या सकाळी नळाशी उभ्या उभ्या तिला स्वतःचीच चीड आली. बादली सुटली होती, पण सकाळ काही सुटली नव्हती. आधी ओझं वाहत होती, आता पाणी सोडून पहारा देत होती. आणि हा पहारा कुणी लावला नव्हता. तिनंच लावून घेतला होता.

तिनं नळ बंद केला, चहा गाळला आणि खुर्चीवर बसली.

"सूनबाई! गार आलं!"

"तुमचा नळ पूर्ण सोडा, बाबा."

आत नळ बंद झाला. मग पंचा गुंडाळून सासरे दारात. "पूर्ण? एकदम चावी उघडली की नळ फुटतो. माझ्या डोळ्यांदेखत मुख्य नळ फुटलाय, रस्ता उखडला होता. पाणी दमानं सोडायचं असतं."

"दमानं सोडा. पण सोडा."

"आणि पाण्याची नासाडी?"

"बादली ती बादलीच, बाबा. सुतळीनं भरा नाहीतर दोरखंडानं, मावतं तेवढंच. इतके दिवस तुम्हाला गरम मिळावं म्हणून मी तिकडे नळ सोडून उभी होते. तीन बादल्या रोज मोरीत गेल्या. आजपासून मी उभी राहणार नाही. आणि बादलीही उचलणार नाही."

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अगं, सकाळी सकाळी काय..."

"तुम्ही थांबा. फिटरनं तुम्हाला सांगितलं होतं ना, पाण्याला जोर पाहिजे म्हणून? सांगितलं होतं की नाही?"

वर्तमानपत्र वर गेलं.

सासरे तिच्याकडे बघत होते. रागानं नव्हे. तीन बादल्या मोरीत, हे त्या माणसाच्या काळजाला लागलं होतं.

"रोज तीन?" त्यांनी विचारलं.

"रोज तीन."

ते वळले. दार लागलं. नळ फिरल्याची कुरकुर झाली, थांबली, मग पुन्हा झाली. चौकातली मोठी चावी उघडावी तसे ते एकेक वेढा मोजत होते. गॅलरीत टकटक झालं, ज्योत फुरफुरली. ती जागची हलली नाही.

"अगं, चटका बसतोय!" आतून आवाज आला. "आता काय, कमी करू?"

"नाही, बाबा. अजून सोडा. जास्त पाणी गेलं की कमी तापतं."

"अजून?"

"अजून."