तळाचा कोळसा

१९१७ सालच्या हिवाळ्यात माझे काम संपले. मित्रांनो, मी एक जुनी नौका आहे. जिब्राल्टरच्या किनाऱ्याला चिखलात कुशीवर पडून असते.

तरुणपणी मला तीन डोलकाठ्या होत्या आणि मी लोकर वाहत असे. पुढे आगबोटी आल्या. माझ्या डोलकाठ्या कापल्या, मला बंदरात नांगरले आणि पोटात कोळसा भरला. ब्रिटिशांच्या या खडकाळ वसाहतीत जळण म्हणून काही होत नाही. सारे समुद्रातून येते. वेल्सचा कोळसा मी सांभाळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या बोटींना द्यायचा. हमाल टोपल्या घेऊन फळीवरून धावत, एकमेकांना शिव्या घालत. त्यांची एक रीत होती. तळाशी उरलेला चुरा कामावर मेलेल्या हमालांच्या विधवांचा. दर शनिवारी त्या होडीतून येत आणि तो झाडून नेत.

मग लढाई आली. पाणबुड्यांनी कोळशाची जहाजे बुडवली. बंदरातल्या माझ्यासारख्या साऱ्या नौका रिकाम्या झाल्या. इस्पितळ मात्र वाचवून आणलेल्या, गारठलेल्या खलाशांनी भरले होते आणि तिथला बंब विझायला आला होता. पुढचे जहाज वाटेत होते. ते येईपर्यंत बंब कसा जळणार?

त्या शनिवारी त्या विधवांपैकी बेनिता टोपली घेऊन आली. तिच्या मागोमाग बंदराचे अधिकारी थ्वेट साहेबही आले.

"बाई, आजचा चुरा इस्पितळाला हवा."

"आणि मी भट्टी काय तुमच्या टोपीवर पेटवू?" बेनिता हरभऱ्याच्या पिठाची कालेंतिता भाजून विकायची. तिची भट्टी कधीची थंड होती. "माझा लोरेन्झो याच फळीवरून पडून गेला, साहेब. हा चुरा त्याचा आहे."

मुकादम अंब्रोसियोने टोपी काढली. "वहिनी, आपल्या गल्लीतला नीकोलापण तिथंच आहे. बुडालेल्या जहाजावर होता. पाय काळे पडलेत पोराचे."

"कोण, तो माझ्या खिडकीखाली रेकणारा?"

"तोच."

बेनिताने टोपली उपडी केली आणि तीवर बसली. मग म्हणाली, "मग वरवर काय झाडताय, मेल्यांनो? तळाच्या फळ्या उचला. खाली वर्षानुवर्षांचा बसलाय!"

फळ्या उचलल्या. फावडी चालली, मग हात, शेवटी खरवडण्या. सांधेसुद्धा साफ केले. साहेब हसले, हमाल हसले, बेनिताही हसली. माझे सांधे केव्हाच उघडले होते आणि त्या चुऱ्यानेच पाणी अडवले होते, हे फक्त मला ठाऊक होते. मला तोंड नव्हते. आणि खरे सांगू? असते तरी बोलले असते का, कोण जाणे. फार थकले होते मी.

बंब जळत राहिला. जहाज आले. मला भरण्याआधी फळ्या बसवायला अंब्रोसियो खाली उतरला, तर गुडघाभर पाणी.

"अरे देवा! म्हातारीचं बूच आपणच काढलं की रे!"

त्यांनी सांध्यांत काथ्या ठोकला, डांबर ओतले. कुजक्या लाकडात काही टिकेना. नवा कोळसा शेजारच्या नौकेत गेला आणि मला ओढून इथे आणले.

नीकोलाचा एक पाय गेला, पण तो जगला. जाळी विणून त्याने संसार केला. थ्वेट साहेबांची बदली झाली. अंब्रोसियोला कोळशाच्या धुळीने जडलेला खोकला सोडीना. त्यातच तो गेला. पुढे बोटी तेलावर चालू लागल्या, चुरा उरला नाही, आणि बेनिता भट्टी मोडून लेकीकडे टँजियरला निघून गेली.

माझा कोणावर राग नाही. मित्रांनो, अडचण आली की जुन्यांकडे जरूर मागा. आम्ही नाही म्हणत नाही. फक्त घेऊन झाले की एकदा खाली वाकून बघा, पाणी कुठवर चढले आहे ते.