अकरा दिवस गोळ्या बंद

सभागृहात तिळमात्र जागा उरली नव्हती. लोक खिडक्यांच्या कठड्यांवरही चढून बसले होते. मंचावर खुर्चीत माझी आई बसली होती आणि तिच्यामागे पांढऱ्या झग्यातले कंगवेवाले महाराज उभे होते.

"गंज!" महाराज गरजले. "म्हातारपणी मेंदूवर गंज चढतो, नळाच्या तोटीवर चढतो तसा! डॉक्टर काय करतात? गोळ्या देतात. गंजावर आणखी गंज! आणि आम्ही काय करतो?"

"विंचरतो!" लोक एका सुरात ओरडले.

महाराजांनी आईच्या केसांतून पितळी कंगवा फिरवला आणि बशीवर आपटला. बशीत चिमूटभर तांबूस भुकटी पडली. लोकांनी आ वासला.

"आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"सकाळी काय घेतलंत?"

"चहा. साखर कमी होती त्यात," आई म्हणाली आणि टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. महिन्यापूर्वी हीच आई मला विचारत होती, "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होतो. माझं औषधांचं दुकान आहे. बुवाबाजीची टर उडवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. कंगव्याची दांडी पोकळ आहे आणि आपटताना महाराजांचा अंगठा टोकाच्या टोपणावर असतो, हे मी पहिल्याच मिनिटात ओळखलं होतं. आईला इथे घेऊन आली होती माझी थोरली बहीण. तिला मी लगेच ते सांगितलं.

"असेल पोकळ," ताई म्हणाली. "पण आई आता मला नावाने हाक मारते. त्याचं काय?"

मी पुन्हा मंचावरच्या कंगव्याकडे बघायला लागलो.

महाराजांची अट एकच होती. विंचरण्याआधी अकरा दिवस सगळ्या गोळ्या बंद. "पोटात गोळी असली की कंगवा चालत नाही!" त्यासाठी ताईने आईला स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं होतं.

बाहेर पडताना टेलरकाका भेटले. माझ्या दुकानापासून तिसरं दुकान त्यांचं. रक्तदाबाची गोळी दर महिन्याला माझ्याकडूनच नेत. हल्ली मापं विसरायला लागले होते, त्याने फार खचले होते.

"भाऊ, औषधवाल्याच्या घरातच चमत्कार! आता मला कसली शंका? उद्यापासून माझेही अकरा दिवस सुरू."

"काका, डॉक्टरांना विचारा आधी," मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी आईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हटलं, महाराजांचं पितळ उघडं पाडू. सभागृहातला सगळा प्रकार बाईंना सांगितला. बाईंनी आईला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. आईला दोन आठवले.

"आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या? सगळ्या सांगा. तुम्ही दुकानातून दिलेल्याही."

मी कॅल्शियमची सांगितली, पित्ताची सांगितली. मग उरलेली एक सांगितली.

"सर्दीची गोळी, जुन्या प्रकारची, गुंगी आणणारी. झोपेसाठी."

"कोणी लिहून दिली?"

"कोणी नाही. मीच देत होतो. दीड वर्ष. आधी एक, मग दोन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हाताऱ्या माणसांना या गोळीने गोंधळ होतो, विसर वाढतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आई रात्री उठून नळ सोडायची आणि मला सकाळी दुकान उघडायचं असायचं, म्हणून गोळी दिली. तिचा गोंधळ वाढला, तेव्हा मी दुसरी दिली.

"गोळी थांबली म्हणून धुकं उतरलं," बाई म्हणाल्या. "थोडा खरा विसर आहे, तो तपासू. त्यावर अजून पक्कं औषध नाही, पण लवकर कळलं तर बरंच करता येतं. आधी त्या सभागृहातल्या लोकांना सांगा. तिथे कोणी गरजेचं औषध सोडलं असेल."

"सांगतो," मी म्हणालो आणि सांगितलं नाही. स्वतःच्या आईला गोळ्या घालून झोपवणाऱ्याच्या दुकानात कोण पाऊल ठेवणार? ताईच्या नजरेला नजर कशी देणार? आज नको, उद्या बघू, असं करत मी दिवस ढकलले. बुधवारी टेलरकाकांनी मशीनवरूनच हाक मारली, "सहावा दिवस, भाऊ!" मी हात हलवला आणि पुढे गेलो.

दहाव्या दिवशी त्यांची सून धावत दुकानात आली. "बाबांचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत नाही." आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. रक्तदाब चढून पक्षाघात झाला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

त्यानंतरच्या गुरुवारी महाराजांच्या सभेत मी न विचारता मंचावर चढलो, महाराजांच्या हातातून कंगवा घेतला आणि दांडीचं टोपण फिरवलं. माझ्या तळहातावर विटेची भुकटी सांडली. लोक कुजबुजले, पण जागचं कोणी हललं नाही.

"भुकटीचं सोडा, तुमची आई बरी झाली ना?" एक बाई ओरडल्या.

"झाली. कारण तिला मीच बिघडवत होतो," मी म्हणालो आणि गोळीचं सगळं सांगून टाकलं. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईने आईचा हात घट्ट धरला. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजत होतं.

"महाराज सगळ्यांच्याच गोळ्या बंद करतात," मी म्हणालो. "ज्याची गोळी चुकीची होती तो सुधारतो, त्याला इथे खुर्ची मिळते. ज्याची गरजेची होती तो टेलरकाकांसारखा हॉस्पिटलात जातो, त्याला कोण खुर्ची देणार? बरा झालेला माणूस दाखवला की विचारा, एकूण किती आले होते आणि बाकीचे कुठे आहेत? खरं संशोधन करणारे दोघांनाही मोजतात. घरातल्या म्हाताऱ्यांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा, आम्ही दुकानदारांनी दिलेल्यासुद्धा. मनाने सुरू करू नका, मनाने थांबवू नका."

"त्या टेलरची श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले. पण या वेळी कोणी त्यांची री ओढली नाही.

टेलरकाकांची सून भिंतीपाशी उभी होती. तिने महाराजांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं, भाऊ?"

"तेरा दिवसांपूर्वी. शुक्रवारी."

"त्या शुक्रवारी बाबांनी पहिली गोळी टाळली," ती म्हणाली. "मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. त्यांनी मला तुमच्या आईचं उदाहरण दिलं."

महाराज त्याच संध्याकाळी पसार झाले. लोक मला म्हणतात, "तुम्ही भोंदूला उघडं पाडलंत." आईच्या गोळीचं भोंदूला काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी तेरा दिवस गप्प बसलो. तुम्हाला काही ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी बोला.