न सांगण्याचा करार

ती एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची, म्हणून नवऱ्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला दातवालीच म्हणत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो मिस्त्री. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांनी मूल होऊ दिलं नव्हतं. कारण होते तिचे वडील.

वडील पंचेचाळिशीत बिघडायला लागले. आधी हातातून वस्तू निसटायच्या, मग चाल बदलली. होडीत उभं राहिल्यासारखे डुलत, चपला फरफटत ते घरभर फिरायचे. पुढे बोलणं गेलं, माणसं ओळखणं गेलं, आणि दहा वर्षांनी ते सुटले. आजाराचं नाव जिभेला न पेलणारं. घरात त्याला ‘हेलकावा’ म्हणत. तो बापाकडून लेकीत उतरलाय की नाही, हे एका रक्ततपासणीत कळलं असतं. दातवालीने ती केली नाही.

“कळून करू काय? औषध तर नाही,” ती म्हणायची. “उद्याचं मरण आज कळलं की आजचा दिवसही हातचा जातो.”

मूल मात्र हवं होतं, आणि त्या मुलाला हेलकावा नको होता. डॉक्टरबाईंनी मार्ग सांगितला. गर्भ प्रयोगशाळेत तयार करायचे, पाचव्या दिवशी प्रत्येकातल्या चार-दोन पेशी काढून तपासायच्या, आणि ज्यात दोष नाही असा एकच पोटात सोडायचा.

“पण एकात जरी दोष सापडला, तर तो माझ्यातूनच आला ना? मग मला कळलंच की.”

“तुम्हाला काही कळणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “किती तयार झाले, किती बाद झाले, कशामुळे झाले, यातलं अवाक्षर सांगणार नाही. ‘एक सोडतोय’ किंवा ‘या खेपेला नाही’, बस. तोंडावरूनही ओळखता यायचं नाही, मी पत्ते चांगले खेळते.”

तिघांनी सह्या केल्या. बाद गर्भ न विचारता नष्ट करायचे, हेही त्या कागदात होतं.

पहिल्याच खेपेला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात मिस्त्री एकटा दवाखान्यात गेला. बाळंतपणाच्या डॉक्टरांना द्यायला जुने रिपोर्ट हवे होते. खिडकीवरच्या मुलीचा तो कामाचा पहिलाच आठवडा. तिने अख्खी फाइलच हातात दिली. खाली उतरताना लिफ्टमध्ये त्याने ती सहज उघडली. वरच्याच कागदावर तीन ओळी होत्या. तपासलेले सहा. निर्दोष दोन. बाधित चार.

तळमजला आला, दार उघडलं, मिटलं. तो आतच उभा राहिला. मग पुन्हा वर जाऊन त्याने तो कागद खिडकीतून आत सारला. “हा चुकून आलाय,” एवढंच म्हणाला.

घरी त्याने तोंडातून ब्र काढला नाही. पण त्या दिवसापासून गेलेला सासरा जणू घरात राहायला आला. भर दुपारी स्वयंपाकघरातून चपला फरफटल्याचा आवाज यायचा आणि मिस्त्री कान टवकारायचा. सुजलेल्या पायांनी तीच चालत असायची, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो उठून बघायचाच. ती पाणी प्यायला लागली की त्याची नजर पेल्यातल्या पाण्यावर. रविवारी ती झोपली की तो शेजारी बसून तिची बोटं कितीदा हलली ते मोजायचा. काचेचे पेले जाऊन स्टीलचे आले. माळ्याखालचं स्टूल नाहीसं झालं. आणि ती काहीही बोलली तरी तो म्हणायचा, “असू दे.”

आठव्या महिन्यात एक दिवस तो कामावरून आला, तर टेबलावरचा रेडिओ नव्हता. तो जुना रेडिओ सुटा करून मिस्त्री दोन वर्षं दुरुस्त करत होता.

“भंगारवाल्याला दिला,” ती म्हणाली.

त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. “असू दे. जुनाच होता.”

ती हळूच खुर्चीत बसली. “तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“मागे त्याचा एक स्क्रू माझ्याकडून हरवला, तर तू दोन दिवस बोलला नव्हतास. आज अख्खा रेडिओ गेला. इतका चांगला माणूस तू कधी नव्हतास.”

“दवाखान्यात चुकून फाइल हातात आली,” तो म्हणाला. ती म्हणाली, “मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती,” आणि दुसऱ्या दिवशी ती आईकडे निघून गेली.

चौथ्या दिवशी तो न्यायला गेला. दातवाली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. सासूबाईंनी त्याला जिन्यात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“तिच्या वडलांचं मला त्यांच्या आधी दोन वर्षं कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “सही करताना हात उडायचा. मी काय केलं माहितीये? भांडले. भाजी खारट म्हणून, दिवा चालू राहिला म्हणून. रोज, मुद्दाम. गोड वागले असते तर त्यांना त्याच दिवशी कळलं असतं.”

“म्हणजे त्यांना दोन वर्षं तरी मिळाली.”

“त्यांना मिळाली,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाही मिळाली.”

आठव्या दिवशी दातवाली आपणहून परतली. मुलगी झाली, निरोगी. तीन महिन्यांनी दातवाली पुन्हा कवळ्या घडवायला लागली. हात पहिल्यासारखाच स्थिर होता. पण मुलगी वर्षाची झाली तेव्हा ती म्हणाली, “मला डॉक्टरबाईंकडे जायचंय.”

मुलीला घेऊन दोघं गेली. डॉक्टरबाईंनी माफी मागितली. चूक खिडकीवर झाली तरी ती माझीच, म्हणाल्या. दातवालीने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाद किती होते?”

“चार.”

“ते कधी टाकले?”

डॉक्टरबाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं, मग नोंदवही काढली. “गर्भ सोडला त्याच आठवड्यात, एकोणीस तारखेला. मंगळवारी सकाळी.”

“चौघंही माझ्यासारखीच होती ना?”

“त्या एका बाबतीत.”

“म्हणजे पंचेचाळीस वर्षं तरी बरी गेली असती त्यांची,” दातवाली म्हणाली. उत्तराची वाट न बघता ती उठली.

बसथांब्यावर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “त्या मंगळवारी मी एका म्हाताऱ्याची कवळी पुन्हा पुन्हा घासत होते. तो आरशात बघून सारखा हसत होता, मलाही हसू आवरत नव्हतं.” मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. “पुन्हा वेळ आली तर पुन्हा सही करीन. हिच्यासाठी करीन. पण माझ्या आईबापांनी अशी सही केली असती तर...”

मिस्त्रीने तिच्या हातातली पिशवी घेतली. या वेळी तिने ती घेऊ दिली.

बसमध्ये शेजारच्या बाईने झोपलेल्या मुलीच्या तळव्याला बोट लावलं. “गोड आहे हो. पहिलीच का?”

दातवालीने मुलीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं.

“घरी आलेली पहिलीच,” ती म्हणाली.