नत्थुजींच्या पाठीवर, डाव्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे, आणि मला राग आलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना मवाळ होतात. आम्ही झिजलो, आम्हाला विसरले, तरी आमची तक्रार नाही, असं म्हणतात. माझी तक्रार आहे. ती मुलांसमोर सांगू नये असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी खुशाल कान झाकावेत.

एका कारखान्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची टाकी म्हणून माझा जन्म झाला. पोटात सोळा लिटर पाणी मावायचं. पाठीला अडकवायला दोन पट्टे, डाव्या हातानं हलवायला दांडा, उजव्या हातात धरायला नळी, वर गोल झाकण आणि त्या झाकणात रबराची एक चकती. तिला सगळे वायसर म्हणतात. हा वायसर नीट ध्यानात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्यामुळे बिघडली.

दर्यापूरच्या दुकानातून मला उत्तमराव पाटलांनी आणलं. दर्यापूरपासून चार कोसांवर त्यांची काळी कसदार जमीन आहे. कपाशी असायची, तूर असायची. पहिल्या दसऱ्याला त्यांनी मला बैलगाडीशेजारी ओट्यावर मांडलं, हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. पाहुण्यांना म्हणाले, "असा पंप गावात कोनाकडे नाई." मी फुगून गेलो होतो. तेव्हा मला अक्कल नव्हती.

मला पाठीवर घ्यायचे नत्थुजी. उत्तमरावांच्या शेतात ते सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी होते. अंगानं सडपातळ, बोलणं कमी. कपाशीच्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधून, चालताना ते दांडा असा एका लयीत हलवायचे की मला ओझं असल्याची लाज वाटायची नाही. चार हंगाम आम्ही सुखानं काम केलं. पाचव्या हंगामात माझा वायसर चिरला.

दांडा डावीकडे असल्यामुळे चालताना मी डावीकडे कलायचो. मग झाकणातून विषारी पाणी ठिबकायचं, ते नत्थुजींच्या पाठीवर, डाव्या बाजूला. सदरा भिजायचा आणि अंगाला चिकटायचा. वरून ऊन. दुपारपर्यंत त्यांना गरगरायला लागायचं, आणि ते बांधावर डोकं धरून बसायचे.

"मालक, वायसर गेला पंपाचा," ते म्हणाले.

"आनतो उद्या," उत्तमराव म्हणाले.

त्यानंतर उत्तमराव कितीदा दर्यापूरला गेले ते मी मोजलं नाही. त्यांनी बैलांसाठी नव्या झुली आणल्या, गाडीसाठी दोर आणला, घरासाठी टीव्हीचा डबा आणला. वायसर आणला नाही. ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांना फक्त आठवत नव्हतं, कारण ठिबक त्यांच्या पाठीवर नव्हती. मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. नत्थुजींनी शेवटी खताच्या पोत्याचं प्लॅस्टिक सदऱ्याच्या आत घातलं. त्यानं झालं उलटंच. ठिबकलेलं पाणी आणि घाम, दोन्ही आत कोंडून राहिलं. आधी कातडी लाल झाली, मग काळी पडली, जाड झाली आणि तिला भेगा गेल्या. तेव्हा मला कळलं की माणसाची कातडी म्हणजे भिंत नव्हे. ओली केली, तापवली, खरवडली, की ती आत घेते. कोणी बोलावलेलं नसेल त्यालाही घेते.

पुढे उत्तमरावांकडे बॅटरीवर चालणारी मशीन आली. "हा पंप नेऊन टाक घरी," ते नत्थुजींना म्हणाले. मी नत्थुजींच्या घरात, त्यांच्या खाटेच्या वर एका खिळ्यावर लटकलो. उपकार केल्यासारखं मला दिलं होतं.

दोन वर्षांनी नत्थुजी खाटेला खिळले. आजार हाडांत उतरला आहे, असं अकोल्याच्या एका दवाखान्यात सांगितलं. तो माझ्यामुळे झाला असं कुणी म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. मला माहीत नाही. पण त्यांची कंबर अशी दुखायची की ते खांद्यावरचा दुपट्टा दातांत धरायचे. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. म्हणून डॉक्टरांनी अंगाला चिकटवायच्या पट्ट्या दिल्या. आगपेटीएवढ्या आकाराची पातळ पट्टी. तिच्यातलं औषध कातडीतून हळूहळू आत जातं आणि तीन दिवस दुखणं दाबून ठेवतं. दवाखान्याच्या औषधखिडकीतल्या माणसानं पुडा सरकवला आणि वर न बघता म्हटलं, "कोरड्या, सपाट जागी लावा. पुढचा या."

बस, एवढंच. अंगावर नेमकी कुठे लावायची, काय टाळायचं, एक अक्षर नाही. मी तिथे नव्हतो, पण मनकर्णाबाईंनी, म्हणजे नत्थुजींच्या बायकोनं, घरी येऊन तोच प्रसंग दहा वेळा सांगितला.

आमच्या भागात जिथे दुखतं तिथे औषध लावतात. आधी तेल चोळायचं, मग लेप, वरून गरम विटेचा शेक. मनकर्णाबाईंनी तेच केलं. कमरेला कोमट तेल चोळलं आणि त्यावर पट्टी चिकटवली. संध्याकाळी पट्टी गोधडीला चिकटलेली सापडली. नत्थुजी कण्हत होते. त्या रडल्या, मग त्यांना "सपाट" हा शब्द आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नत्थुजींना कुशीवर वळवलं आणि पाठीवर, डाव्या बाजूला, भेगाळलेल्या काळ्या कातडीवर दुसरी पट्टी लावली. माझ्याच डागावर.

पट्टीचं औषध लगेच लागत नाही, त्याला अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस लागतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नत्थुजींचं कण्हणं थांबेना म्हणून त्यांनी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पट्टीवरच शेक दिला. मग पुन्हा तापवून पुन्हा. दुपारी नत्थुजी शांत झाले. मनकर्णाबाई हात जोडून पुटपुटल्या, "किती दिसानं झोप लागली त्यायले."

मी वरून बघत होतो. फाटलेली कातडी आणि वर उष्णता. हे मी शेतात कित्येक हंगाम बघितलेलं होतं. या घरात ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड आहे ते नुसतं झाकण लावण्यापुरतं. त्या खिळ्यावर मी जेवढा तडफडलो तेवढा कुठलाही पंप तडफडला नसेल.

तेवढ्यात नसीमबानो आल्या. त्या दोन घरं सोडून राहतात. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. दारातूनच त्यांनी नत्थुजींच्या छातीकडे बघितलं. श्वास अगदी सावकाश चालला होता. ओठ निळसर पडले होते.

"मनकर्णा, ती वीट फेक. पट्टी कुठं लावली? पाठ दाखव मले." त्यांनी पट्टी सोलून काढली, ओल्या फडक्यानं जागा पुसली, नत्थुजींना गदागदा हलवून हाका मारल्या. रस्त्यावरून दर्यापूरची जीप चालली होती, ती त्यांनी आडव्या जाऊन थांबवली. इतर सवाऱ्यांनी उतरून नत्थुजींना जागा करून दिली.

तीन दिवसांनी नत्थुजी दवाखान्यातून जिवंत परत आले. नसीमबानो नवा पुडा घेऊन खाटेशेजारी बसल्या. राग त्यांनाही होता, पण त्यांनी तो मनकर्णाबाईंवर काढला नाही.

"जिथं दुखते तिथं लावाची गरज नाई. हे रक्तातून जाते, छातीवर लावलं तरी कमरेपर्यंत पोचते. तेल नाई, साबन नाई, शेक त बिलकुल नाई, त्यानं तीन दिवसाचं औषध एकदम आत जाते. सांध्यावर नाई, हलते अन् निघून जाते. जखम, भेगा, खाज असन तिथं नाई."

"मंग पाठीवर काहून नाई म्हनता?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पाठीवरबी चालते. चांगल्या पाठीवर." नसीमबानोंनी नत्थुजींना वळवलं आणि त्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं. "भाऊ, हे कशानं झालं?"

नत्थुजींनी हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

मित्रांनो, मला तेव्हा खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं.

मनकर्णाबाईंनी नसीमबानोंच्या देखरेखीखाली उजव्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली जागा निवडली. वस्तरा न लावता तिथले केस कात्रीनं कापले, साध्या पाण्यानं पुसलं, कोरडं होऊ दिलं. पट्टी लावून तिच्यावर तळहात दाबून धरला आणि तीसपर्यंत अंक मोजले. पुढची पट्टी डाव्या छातीवर, त्याच्या पुढची दंडावर, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. चौथ्या दिवशी नत्थुजी उशीला टेकून बसले आणि त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

त्याच दिवशी उत्तमराव आले. येताना शेंदूरजनाघाटची संत्री आणली होती. प्रकृतीची चौकशी केली, आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"नत्थू, मशीनची बॅटरी गेली. दोन दिवस हा पंप नेतो."

"फवारा मारन कोन?" नत्थुजींनी विचारलं.

"संघपाल हाये नं, नवा सालदार."

"वायसर बदलवान?"

"दोन दिसानं काय होते रे?"

नत्थुजी उशीपासून पुढे सरकले. त्यांनी बंडी काढायला घेतली. हात वर जाईना, तेव्हा मनकर्णाबाईंनी ती काढली. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. उत्तमरावांनी ती पाठ बघितली. इतकी वर्षं ती त्यांच्यापुढे वाकत होती, पण सदऱ्याशिवाय त्यांनी ती पहिल्यांदाच बघितली असावी. त्यांनी मान खाली घातली, तरी हात मला घ्यायला पुढे केलेलाच होता.

मनकर्णाबाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं, अंगणात नेलं आणि कुऱ्हाडीचे दोन घाव माझ्या पोटात घातले. "आता न्या," त्या म्हणाल्या. उत्तमराव हात हलवत गेले.

मित्रांनो, त्या घावांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या "उद्या"बद्दल, आणि वर न बघता पुडा सरकवणाऱ्या हाताबद्दल. तुम्ही मोठे व्हाल. कुणाच्या अंगाला औषध लावाल, कुणाच्या पाठीवर ओझं द्याल. त्याआधी ती जागा डोळ्यांनी बघा, हातानं बघा, आणि त्या माणसाला विचारा.

मी आता पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. माझ्यात थेंबभरही पाणी ठरत नाही. आणि संघपालच्या पाठीवर अजून कसलाच डाग नाही.