मारुतीला उजवीकडं ठेवून

पालमच्या वेशीवर मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या भोवतीच्या फरशीला गोल चर पडलाय. तो पावसाच्या पाण्यानं पडला असं जे सांगतात ते त्या शनिवारी गावात नव्हते. चर पडला व्यंकटरावांच्या टाचांनी, आणि तोही एका दुपारीत.

व्यंकटरावांना साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. व्यंकटराव घरून चालायला निघायचे आणि सापडायचे भज्यांच्या गाड्यावर. शेवटी त्यांच्या मंडळींनी, कडूबाईंनी, उपाय काढला. "रस्त्यानं चालूच नका. देवाभवती फिरा. तितं तरी लबाडी करायची लाज वाटंल." तेव्हापासून दर शनिवारी व्यायाम आणि पुण्य त्याच पायांनी सुरू झालं.

व्यंकटरावांच्या घराण्यात एक रीत होती. देवापुढं भजन चालू असेल, तर फिरणाऱ्यानं प्रदक्षिणा सोडायची नाही. त्यांच्या आजोबांनी ती एकदा मोडली, तर घरावरचे पत्रे उडाले आणि थेट सोनपेठच्या बाजारात जाऊन विकायला बसले म्हणे. पण व्यंकटराव फिरायचे सकाळी आणि भजन असायचं संध्याकाळी, त्यामुळं रीत कधी आडवी आली नाही.

त्या शनिवारी सकाळी तेल वाहणाऱ्यांची रांग वेशीबाहेर गेली, म्हणून व्यंकटराव जेवण करून आले. आणि भजनी मंडळाचे पेटीवाले लिंगराजअप्पा, ज्यांचं चौकात कापडाचं दुकान आहे, त्यांना संध्याकाळी सोनपेठला लग्नात गायचं होतं. म्हणून त्यांनीही भजन दुपारीच लावलं.

व्यंकटरावांना घाई होती. परभणीला त्यांची नात सृष्टी संध्याकाळी गाणार होती. मागच्या खेपेला आजोबांची बस चुकली, त्यांची समोरची खुर्ची रिकामी दिसली आणि पोरीला पुढची ओळच आठवेना. रडत खाली उतरली. आता फोनवर तिनं बजावलं होतं, "आजोबा, या वेळी तुम्ही दिसला नाहीत तर मी पुन्हा कधी गाणार नाही." पोरगी आजीवर गेली होती. बोलली म्हणजे करणार.

भजन आटोपेल म्हणून व्यंकटराव फिरत राहिले. एक अभंग झाला, दुसरा झाला. अप्पा काही भजन उतरवेनात. व्यंकटरावांनी जाता जाता हात खाली करून दाखवला. अप्पांना वाटलं, ठेका वाढवा म्हणतायत. त्यांनी ठेका वाढवला आणि व्यंकटरावांना पळावं लागलं.

पुढच्या फेरीला ते ओरडले, "अप्पा, आटपा की आता!"

अप्पांनी चाल न सोडता, सुरातच उत्तर दिलं, "तुमी थांबा की रा‍ऽव!"

फेरी मारून व्यंकटराव परत समोर आले. "भजन चालू हाय, कसा थांबू? घराण्याची रीत हाय!"

"मानूस फिरायलाय तवर भजन कसं उतरवू?" अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं वाहायला लागलं होतं. "गुरूची आण हाऽय!"

तबल्यावरचा शिवकांत कळवळला. "मंग मरेस्तोवर वाजवायचं का?"

आता दोघांनाही कळलं की आपण अडकलो. तो थांबेना म्हणून हा थांबेना, आणि हा थांबेना म्हणून तो थांबेना. मधे मारुती, कुणाचीच बाजू न घेणारा. बायका येऊन तेल वाहायच्या, "केवढी भक्ती!" म्हणून व्यंकटरावांच्याही पाया पडायला वाकायच्या, तोवर पाय पुढं गेलेले. एक कुत्रं काही वेळ मागून फिरलं आणि भोवळ येऊन पडलं. उन्हं कलली. व्यंकटराव इतके वाळले की धोतराचा काष्टा दोनदा नव्यानं घालावा लागला, तोही चालता चालता. दर फेरीला समोर एसटी स्टँड दिसायचा आणि दर फेरीला खांबाआड जायचा. त्यांच्या डोळ्यांपुढं ती रिकामी खुर्ची यायला लागली.

एवढ्यात पिशवी घेऊन कडूबाई आल्या. "अवो, गाडी लागलीय! काय चकरा मारायलाव?"

व्यंकटरावांनी दोन फेऱ्यांत सगळं सांगितलं. कडूबाईंनी पदर खोचला.

"परदक्षिना केवढी असावी, असं कुठं लिवलंय का?"

"न्हाई."

"मारुती उजव्या अंगाला ऱ्हायला म्हंजी झालं ना? मंग मोठी घाला. गंगाखेडवरनं परभनी, आन् ताडकळसवरनं वापस. मारुती मधीच ऱ्हातोय."

व्यंकटराव वळणावर सुटले ते थेट स्टँडवर. त्यांच्यामागं पिशवीसकट कडूबाई, गळ्यात पेटी अडकवलेले अप्पा, कमरेला तबला बांधलेला शिवकांत आणि सगळे टाळकरी. माणूस फिरतच होता ना! बस चालत होती तोवर व्यंकटराव बसून होते. गंगाखेडला गाडी थांबली तसे उठून मधल्या जागेत येरझाऱ्या घालू लागले. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा की!" त्यालाही टाळ देण्यात आले.

सोनपेठला नवरदेव ताटकळला तो ताटकळलाच.

परभणीच्या सभागृहात शिरले, तेव्हा सृष्टी माइकसमोर उभी होती. ओठ मिटलेले, नजर रिकाम्या खुर्चीवर. दारातून भजन आत आलं आणि त्याच्यापुढं आजोबा. पण बसणार कसे? ते खुर्च्यांच्या रांगांमधून फिरायला लागले. लोक हसले. अप्पांचा आवाज पार बसला होता, नुसती हवा येत होती.

"पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धर!"

सृष्टीनं त्यांचीच ओळ उचलली, त्याच पट्टीत. अप्पा गप्प झाले. त्यांनी भजन उतरवलं नव्हतं, नुसतं दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. पोरगी गात राहिली आणि तिच्या नजरेसमोरून आजोबा जात राहिले, येत राहिले. तिला ना गुरूची आण, ना घराण्याची रीत माहीत. तिनं शेवटची ओळ घेतली, समेवर आली आणि थांबली.

व्यंकटराव पहिल्या रांगेतल्या खुर्चीत कोसळले.

सृष्टी धावत खाली आली. "आजोबा, खुर्ची रिकामीच होती तुमची."

"पन मी व्हतो की गं."

"होता ना. दर ओळीला दिसत होता." तिनं त्यांच्या पायांना हात लावला. पाय अजून हलत होते.

कडूबाईंनी पिशवी उचलली. "चला, उठा. ताडकळसची गाडी लागंल. अर्धी ऱ्हायलीय अजून."

अप्पांनी गुपचूप पेटीचा भाता बंद केला, कडी लावली आणि व्यंकटरावांकडं न बघता म्हणाले, "आमी गंगाखेडवरनंच जावं म्हंतो."