मुचलक्याचं वर्ष

कोपरच्या केण्यांच्या घरातून शिकून नर्स झालेली सगुणा पहिलीच. ठाण्याच्या इस्पितळात तिचा हात असा बसला होता, की मोठे डॉक्टर ऑपरेशनला उभे राहण्याआधी विचारायचे, ‘‘आज केणे आहे ना?’’ त्यामुळे बहरीनच्या एका इस्पितळासाठी मुंबईत फोर्टात मुलाखती चालू आहेत असं कळलं, तेव्हा ती आणि तिची मैत्रीण वासंती बिनधास्त गेल्या. दोघींचीही निवड झाली. सगुणाची वॉर्डाची मुख्य नर्स म्हणून, वासंतीची तिच्या हाताखाली.

मुलाखत घेणाऱ्या गोऱ्या मेट्रनबाईंनी निघताना बजावलं, ‘‘पोलिसांचा चालचलणुकीचा दाखला आणा. बोटीत चढाल तेव्हा तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालणार नाही. पहिली तुकडी दिवाळीनंतर निघेल, दुसरी होळीच्या सुमाराला.’’

वासंतीला त्यात काही अवघड वाटलं नाही. सगुणा मात्र जिना उतरतानाच विचारात पडली. कोपर कल्याणच्या हद्दीत येई, आणि तिथल्या पोलिसांच्या दप्तरी तिचं नाव होतं.

झालं होतं ते असं. आदल्या पावसाळ्यात परशुरामशेट नावाच्या ठेकेदारानं माणसं लावून गावच्या खारजमिनीचा बांध फोडला. भाताच्या शेतात खाडीचं पाणी शिरलं की पुढं काही वर्षं तिथं धड काही उगवत नाही, मग तीच जमीन मिठागरासाठी स्वस्तात मिळते, हा त्याचा डाव. सगुणा त्या दिवशी सुटीवर घरी आली होती. उधाण चढत होतं. गावच्या बायका भगदाडात कमरेइतक्या पाण्यात हातात हात घालून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागून पुरुष दगड-चिखल टाकत राहिले. बायकांच्या रांगेत सगुणा पुढं होती. ठेकेदाराची माणसं अडवायला आली तेव्हा काठ्या चालल्या. बांध वाचला. पण शेटनं तक्रार आधी गुदरली, आणि संक्रांतीच्या सुमाराला मॅजिस्ट्रेटनं गावच्या काही जणांकडून वर्षभर शांतता राखण्याचा मुचलका लिहून घेतला. त्यांत सगुणा होती. पासपोर्ट तिनं त्या भानगडीआधीच काढला होता, तेवढं एक बरं.

ती डोंबिवलीला श्रीपादराव गोगट्यांकडे गेली. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात सगुणानं सेवा केली होती, तेव्हापासून ते तिला घरच्यासारखंच मानत.

सगळं ऐकून ते म्हणाले, ‘‘आत्ता अर्ज करू नकोस. मुचलका चालू असताना दाखला मागितलास तर नाकारतील, आणि नकार एकदा दप्तरी पडला की तो कायमचा तुझ्या पुढं चालतो. संक्रांत जाऊ दे. वर्ष बिनबोभाट गेलं की मग माग.’’

‘‘म्हणजे काका, पहिली बोट गेली.’’

‘‘गेली.’’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘नाहीतर एक पळवाट आहे. तू इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये राहतेस. ठाण्याचाच पत्ता दे, कोपरचं नावच काढू नकोस. कल्याणला विचारायला कोण जाणार आहे?’’

घरी आईनं, ठमाबाईनं, हे ऐकलं आणि ती तेच धरून बसली. ‘‘काका सांगतान तसा कर ना. ठान्याचा पत्ता दे नि जा.’’

‘‘आये, मना घर नाय असा लिवू?’’ सगुणा म्हणाली. ‘‘बांधाव उभी रायले, चोरी नाय केली. लपवला तर ती चोरी वाटंल.’’

ठमाबाई पुटपुटत चुलीकडे वळली. सगुणा दुसऱ्याच दिवशी फोर्टात गेली आणि मेट्रनबाईंपुढं बसून तिनं बांधापासून मुचलक्यापर्यंत सगळं सांगितलं. इंग्रजी अडखळलं तिथं हिंदी वापरली.

‘‘तू कुणाला मारलंस?’’ बाईंनी विचारलं.

‘‘एकाला ढकललं. तो पाण्यात पडला. नंतर दुसऱ्या एकाचं डोकं काठीनं फुटलं, तोही त्यांच्यातलाच. त्याला टाके मी घातले.’’

बाई हसल्या नाहीत. ‘‘मुख्य नर्सची जागा मला रिकामी ठेवता येणार नाही. होळीच्या तुकडीत जागा उरली तर कळवीन. शब्द देत नाही.’’

‘‘चालेल,’’ सगुणा उठत म्हणाली. ‘‘तुम्ही कळवाल.’’

दिवाळीनंतर वासंती गेली. मुख्य नर्सची जागा तिलाच मिळाली. तिला पोचवायला सगुणा धक्क्यावर गेली होती. बोट सुटली तरी ती कठड्याशी उभी होती. ती जागा आपली होती, हे काही तिला विसरता येत नव्हतं. पण परतताना मन चाचपून पाहिलं, तर पुन्हा विचारलं असतं तरी आपण हेच केलं असतं अशी तिची खात्री होती. रात्रपाळीला ती वेळेवर हजर झाली.

संक्रांत झाली, मुचलका संपला, आणि सगुणानं लगेच अर्ज दिला. ठाणे आणि कोपर, दोन्ही पत्ते लिहिले. थोड्याच दिवसांत चौकशीला जमादार गावात आला. तिच्या अंगणात बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘बाई, गाव तर तुमचं चांगलंच सांगणार. सगळे भाऊबंदच.’’

‘‘मग परशुरामशेटना विचारा,’’ सगुणा म्हणाली. ‘‘तक्रार त्यांचीच होती.’’

ठमाबाईनं कपाळाला हात लावला. जमादारानं सगुणाकडे नीट पाहिलं आणि तो खरंच कल्याणला शेटच्या पेढीवर गेला.

तिथं काय झालं ते त्यानंच पुढं दाखला देताना तिला सांगितलं. शेट प्रथम तिचं नाव ऐकून तडकला. ‘‘भांडखोर पोरगी आहे. माझं काम तिनंच बुडवलं.’’ मग विडा तोंडात ठेवत म्हणाला, ‘‘पण माझ्या माणसाचं डोकं फुटलं तेव्हा माझा मुकादम पळून गेला होता. ह्या पोरीनं त्याला मांडीवर घेऊन टाके घातले. वर्षभरात त्या गावातून माझ्याकडे कुणी एक खडाही भिरकावला नाही. द्या दाखला. शिवाय ती समुद्रापार गेली तर माझंही बरंच आहे.’’

सगुणा ऐकून मोठ्यानं हसली. दाखल्यावर लिहिलं होतं, हिच्याविरुद्ध काही नाही.

मेट्रनबाईंचं बोलावणं त्याच आठवड्यात आलं. एक मुलगी लग्न ठरल्यामुळं गळाली होती. साधी नर्स म्हणून जागा होती, चालेल का? सगुणानं होकार कळवला आणि होळीनंतरच्या बोटीनं ती निघाली. ठमाबाई धक्क्यावर पदर डोळ्यांना लावून उभी होती. श्रीपादराव तिच्या शेजारी उभे राहून हात हलवत होते.

बहरीनला पहिल्या सकाळी वासंती वॉर्डाच्या दाराशी घुटमळत होती. ‘‘सगुणा, तुला काम सांगायला माझी जीभ रेटत नाही गं.’’

‘‘सांग की. चुकलीस तर मी बोलेनच.’’

वासंतीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि खिडकीजवळच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिथं एका खलाशाचा भाजलेला हात रात्रीपासून ठणकत होता. सगुणानं हात धुतले आणि त्याची पट्टी सोडायला घेतली.